माझा बिनसाखरेचा!

कचेरीत चहाचा ट्रे आला की सगळे हात पुढे करतात. हे गृहस्थ तेवढा तळहात आडवा धरतात. "माझा बिनसाखरेचा!" हे पलीकडच्या विभागालाही ऐकू जातं. चहावाल्या पोऱ्याला गेल्या दिवाळीपासून ते पाठ आहे आणि त्याने कप वेगळा आणलेलाही असतो. तरी घोषणा होतेच, कारण तिच्याशिवाय तो चहा त्यांच्या घशाखाली उतरत नाही.

असा एक साखरत्यागी हल्ली प्रत्येक कचेरीत, सोसायटीत आणि लग्नाच्या पंगतीत सापडतो. वय पंचेचाळीसच्या पुढे, पायात नवे कोरे बूट, मोबाइलमध्ये रक्ततपासणीच्या रिपोर्टचा फोटो. त्यागाचं मूळ त्या रिपोर्टातच असतं. मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तशर्करेचा अंदाज देणारी 'एचबीएवनसी' ५.७ वर पोचली आणि डॉक्टर म्हणाले, "काठावर आहात." तसं पाहिलं तर काठावर गर्दी बरीच आहे. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मधुमेही १० कोटींहून जास्त निघाले आणि उंबरठ्यावरचे सुमारे १३.६ कोटी. पण आपले गृहस्थ काठावर एकटेच उभे असल्यासारखे बोलतात.

मग अभ्यास सुरू होतो. दिवसातून दोनदाच जेवायचं आणि तेही ५५ मिनिटांत उरकायचं, हे ते डॉ. जगन्नाथ दीक्षितांकडून घेतात. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांकडून तूप घेतात. दोघांचीही बाकीची पथ्यं ज्याची त्याला लखलाभ! "साखर म्हणजे पांढरं विष" हा मेसेज सकाळी सात वाजता सोसायटीच्या ग्रुपवर पडतो आणि खाली नातवाच्या वाढदिवसाच्या केकचा फोटो.

महाराष्ट्रात साखर सोडणं सोपं नाही, हेही खरं. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला. तेव्हापासून निम्म्या राज्याचं राजकारण, शिक्षणसंस्था आणि सोयरिकी उसाच्या फडातून गेल्या. गृहस्थांचे थोरले भाऊ गावाकडे कारखान्याचे सभासद. सभासदांना सवलतीच्या दराने मिळणारी दिवाळीची साखर ते दरवर्षी आठवणीने पाठवतात. परत पाठवली तर भाऊबंदकी, ठेवली तर विष. शेवटी विष डब्यात भरून ठेवलं जातं.

यातून सुटका करायला येतो गूळ. तो साधासुधा चालत नाही, कोल्हापूरचाच लागतो. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, हे पाहुण्यांना ढेप दाखवताना सांगायचं असतं. कोपऱ्यावरच्या टपरीत गुळाचा चहा मिळू लागल्यापासून तर गृहस्थ दिवसातून तीनदा पुण्य करतात. गुळात लोह वगैरे थोडंफार असतं, पण ऐंशी टक्क्यांच्या आसपास साखरच असते. मधाचीही तीच गत. जागतिक आरोग्य संघटना मध आणि फळांचा रसही साखरेच्याच खात्यात मांडते. या खात्याला दिवसाच्या एकूण उष्मांकांत दहा टक्क्यांहून कमी वाटा द्या, आणि जमलं तर पाच टक्क्यांच्याही खाली या, असा तिचा सल्ला आहे. पाच टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, जेमतेम सहा चमचे. गृहस्थ हे ऐकून घेतात आणि म्हणतात, "पण आमचा सेंद्रिय आहे."

त्यांचा दिवस बघा. सकाळी कोमट पाण्यात दोन चमचे मध. त्यावर च्यवनप्राश, ज्यात बहुधा निम्म्याहून अधिक साखर. अकराला गुळाचा चहा. चारला बिनसाखरेचा चहा आणि सोबत मारी बिस्किटं, "हलकी असतात म्हणून". त्या हलक्या बिस्किटांत वजनाचा पाचवा हिस्सा साखर असते. संध्याकाळी कटलेट, त्यावर टोमॅटो सॉस. मोठ्या चमचाभर सॉसमध्ये छोटा चमचाभर साखर सहज निघते. पण यातलं काहीच त्यांनी स्वतः चमच्याने घातलेलं नसतं, म्हणून ते हिशेबात धरत नाहीत.

लग्नात श्रीखंडाचं पातेलं जवळ आलं की ते आधी पानावर दोन्ही हात आडवे करतात. वाढपी पुढे सरकला की त्याला परत बोलावतात. "थोडंसं... चवीपुरतं." मग पुरीच्या तुकड्याने वाटी अशी निपटून काढतात की घासायचं कामच उरत नाही. सत्यनारायणाच्या प्रसादाला तर नाही म्हणताच येत नाही. सव्वा वाटी रवा, तेवढंच तूप, तेवढीच साखर! देवाच्या दारी पथ्य कसलं? द्रोण संपला की ते दुसऱ्या द्रोणात घरच्यांसाठी प्रसाद मागतात आणि तो जिना चढता चढता संपतो.

घरी या सगळ्याची नोंद त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे काकूंच्या, डोक्यात होते. त्यांनी कुठे मेसेज टाकला नाही की कुणाला व्याख्यान दिलं नाही. चहाच्या पातेल्यात चार चमच्यांऐवजी साडेतीन टाकले, पंधरवड्याने तीन, मग अडीच. जीभ हळूहळू कमी गोडाला सरावते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. सरबताच्या बाटल्या किराणाच्या यादीतून गळाल्या. बिस्किटांच्या जागी डब्यात फुटाणे आले. कुणी चकार शब्द काढला नाही, कारण कुणाला कळलंच नाही.

पुढच्या तपासणीत आकडा ५.६ आला. गृहस्थांनी त्याचं श्रेय कोल्हापूरला दिलं आणि सोसायटीत आणखी तिघांना गुळाला लावलं. काकू हसल्या आणि दोन चमच्यांचा चहा सगळ्यांना वाटला.

असे गृहस्थ तुमच्याकडे आले तर वाद घालू नका. चहा कमी गोडाचा करा, त्यात गूळ मात्र घालू नका. बिस्किटांचा पुडा पुढे करायचाच असेल तर मागची बाजू वर करून ठेवा. घटकांची यादी तिथे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते, आणि त्यांचा चष्मा खिशातच असतो.