माजी प्रेमवीर, लोअर बर्थ

ओरिएंट एक्स्प्रेस 1883 साली पॅरिसहून निघाली, तेव्हापासून युरोपातल्या ऐषारामी गाड्यांत जुने प्रेमी एकमेकांना भेटत आलेत. निदान कादंबऱ्यांत आणि सिनेमांत तरी. मखमली गाद्या, पियानो, खिडकीबाहेर बर्फ आणि दोघांच्याही सोबत कुणी नाही. मराठवाड्यात ही सोय नांदेड-पनवेल एक्स्प्रेसने केलेली आहे. इथे फक्त तिच्यासोबत नवरा असतो आणि त्याच्यासोबत पुण्यातल्या लेकराकडे निघालेलं तूरडाळीचं पोतं.

लातूरचा माजी प्रेमवीर ओळखायला सोपा. साठी उलटलेली, नोकरीतून निवृत्त, मिशीला कलप. डोक्याला नाही, कारण तिथे लावण्याजोगं काही उरलेलं नाही. गाव त्याला ‘सर’ म्हणतं. शिकवण्यांच्या गावात ते कुणालाही म्हणतात. चहाच्या दुसऱ्या कपाला तो हमखास म्हणतो, “आमचं बी एक प्रकरण होतं बरं का!”

प्रकरण म्हणजे काय, तर कॉलेजात तिने एकदा विचारलं होतं, “जर्नल आणलंय का?” आणि याने सांगितलं होतं, “नाही.” संवाद संपला. बाकीचं प्रेम गंजगोलाईत झालं. गोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात. हा एका रस्त्याच्या तोंडाशी उभा राहायचा आणि ती उरलेल्या 15 पैकी कुठल्या तरी रस्त्याने निघून जायची. त्या काळी लातूरहून कुर्डुवाडीला बार्शी लाइटची अडीच फुटी रुळांवरची गाडी धावायची. पुढे 2008 पर्यंत सरकारने सगळा मार्ग ब्रॉडगेज केला. याची हिंमत मात्र अडीच फुटीच राहिली.

1986 च्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं आणि ती नांदेडला गेली. परभणीला किंवा सोलापूरला गेली असती, तर हा गडी दोन महिन्यांत सावरला असता. पण नांदेड! त्याच वर्षी मार्चमध्ये लातूरकडच्या निलंगेकरांच्या हातून मुख्यमंत्रिपद गेलं आणि ते मिळालं नांदेडच्या शंकररावांना. 2008 च्या डिसेंबरात लातूरच्याच विलासरावांनी ते सोडलं, तेव्हा खुर्चीवर बसले पुन्हा नांदेडचेच अशोकराव. लातूरच्या हातातलं नांदेडने नेण्याची ही परंपरा त्याला तोंडपाठ आहे आणि आपलं प्रकरण तो त्याच यादीत धरतो. दुसऱ्या गावचा प्रेमभंग झालेला माणूस दाढी वाढवतो; लातूरचा अनुशेषाची आकडेवारी काढतो. 2009 साली विभागीय आयुक्तालय नांदेडला करायचं ठरलं आणि लातूर रस्त्यावर उतरलं, तेव्हा घोषणा देणाऱ्यांत याचा आवाज सगळ्यांत वर होता. बायको तेव्हाच म्हणाली होती, “एवढा घसा आयुक्तालयासाठी बसत नसतो.”

तर एका रात्री तो लातूरला गाडीत चढतो, पोतं सीटखाली सरकवतो, मान वर करतो आणि समोर ती. केस पांढरे, चष्मा जाड, गुडघ्याला पट्टा. युरोपात या क्षणी पियानो थांबतो. इथे चहावाला दोघांच्या मधून जातो.

“बरं आहे का, मॅडम?”

“बरंय की, सर. तुमचं?”

विशीत एकमेकांचं नाव घ्यायची छाती झाली नाही; साठीत ‘सर’ आणि ‘मॅडम’ यांनी ती अडचण कायमची सोडवली. मग बोलणं रीतसर सुरू होतं. मुलगा कुठे, हिंजवडीत. सून कुठली, बार्शीची. सोयाबीन विकलं का ठेवलं? मध्येच ती डबा उघडते. “घ्या सर, धपाटं.” हा घरून पोटभर जेवून निघालेला असतो, तरी शेंगदाण्याच्या चटणीसकट दोन खातो. तिला वरची बर्थ आलेली आहे हे कळताच तो स्वतःची खालची तिला देतो आणि आपले गुडघे, बोटांनी साखळी चाचपडत, वर चढवतो. गुडघे दोघांचेही सारखेच कुरकुरतात, पण प्रेमवीराला वर जाताना ‘आई गं’ म्हणता येत नाही. ते तो तोंडात रुमाल धरून म्हणतो.

आता समोरच्या खालच्या बर्थवरचे साहेब, म्हणजे तिचे हे, सहज म्हणतात, “काही म्हणा सर, आयुक्तालय नांदेडलाच होणार.”

झालं. वरच्या बर्थवरून एक टक्कल खाली लोंबकळतं. गोदावरी, गुरुद्वारा, विद्यापीठ एका बाजूला. बाजारपेठ, शिकवण्या, रेल्वे डब्यांचा कारखाना दुसऱ्या बाजूला. “वंदे भारतचे झोपायचे डबे आमच्याकडं बनणार आहेत, साहेब!” “बनू द्या की, पण नांदेडची वंदे भारत सुरूबी झाली!” प्रत्यक्षात आयुक्तालयाचा कारभार अजून छत्रपती संभाजीनगरातूनच चालतो, हे दोघांनाही माहीत असतं, पण तेवढ्याने वाद थांबवायचा तर मराठवाड्यात बोलायला उरतं काय? धाराशिव जातं, बार्शी जाते. माजी प्रेमवीराने चाळीस वर्षं मनात ज्याला शत्रू मानलं, त्याच्याइतका तोलामोलाचा माणूस त्याला लातुरात भेटलेला नसतो. आपण हिच्यासाठी बर्थ सोडली होती, हेही तो विसरतो.

शेवटी खालून आवाज येतो, “सर, तुम्ही आणि हे, दोघं मिळून ते आयुक्तालय कुर्डुवाडीला न्या. पण आधी लाइट बंद करा.”

लाइट बंद होतो. एवढं लांब वाक्य ती त्याच्याशी आयुष्यात पहिल्यांदाच बोललेली असते. लातूरला परतल्यावर तो कट्ट्यावर कलप लावलेल्या मिशीवरून हात फिरवत सांगतो, “भेट झाली. रात्रभर बोलत होतो.”

कुणाशी, ते कुणी विचारत नाही.