फ्लॉरेन्सला गेला, पण राहिला कुठं?

युरोपच्या सहलीचं पत्रक हातात पडलं की कोल्हापूरकर तीन गोष्टी बघतो. देश किती, पैसे किती आणि रोज भारतीय जेवण आहे का. हॉटेल कुठल्या गल्लीत आहे, हे कुणी विचारत नाही. पत्रकातही ते नसतं. 'अमुक किंवा तत्सम हॉटेल' एवढंच छापलेलं असतं, आणि त्या 'तत्सम'वर सही करून आपण काही लाख रुपये मोजतो.

हे तत्सम हॉटेल बहुतेक वेळा मोटरवेच्या फाट्यावर निघतं. त्याला कारणं आहेत. जुन्या शहरांत मोठी बस आत घेता येत नाही, आणि घ्यायची तर भरपूर पैसे भरावे लागतात. पन्नास माणसांना एकदम खोल्या देणारी स्वस्त हॉटेलं बाहेरच असतात. त्यात युरोपीय कायद्यानुसार बसचालकाला दिवसाला साधारण ९ तासच गाडी चालवता येते आणि ११ तास सलग विश्रांती द्यावी लागते. सकाळी आठला निघायचं तर रात्री नऊच्या आत बस जागेवर लागली पाहिजे. इटलीत माणसं जेवायला म्हणून रात्री आठ वाजता चौकात येतात. नेमक्या त्याच वेळी आपली मंडळी बसमध्ये बसून शहराबाहेर निघालेली असतात.

आता हेच उलटं करून बघा. मुंबईचा पाहुणा कोल्हापूर बघायला आला आणि गोकुळ शिरगावच्या बाजूला हायवेवर उतरला. सकाळी दहाला बस, तासभर अंबाबाई, रंकाळ्यावर फोटो, दुपारी पनीर आणि नान, दिवेलागणीला परत. 'कोल्हापूर बघून झालं' असं तो म्हणाला तर आपण ऐकून घेऊ का? पहाटेची काकड आरती नाही, गंगावेशीतलं धारोष्ण दूध नाही, खासबागेची भेळ नाही, तांबडा-पांढरा नाही. त्यानं कोल्हापूरचा वाहनतळ बघितला.

मिसळ कुठं खायची हे आपण पाटीवरच्या दिव्यांवरून ठरवत नाही. फडतऱ्यांच्या दारात नंबर लावून उभे राहतो, कारण तिथं गावातली माणसं उभी असतात. पदार्थ मोजके, गिऱ्हाईक ओळखीचं, माल संपला की शटर खाली. ही कसोटी आपल्याकडं जन्मापासून आहे. ती मुंबई विमानतळावर का सोडून जायची?

स्पेनमध्ये दुपारी 'मेनू देल दिया' मिळतो. ठरलेल्या किमतीत दोन पदार्थ, पाव, पेय आणि गोड. फळ्यावर खडूनं लिहिलेला असतो आणि तो खायला जवळच्या ऑफिसांतली माणसं येतात. सिंगापूरच्या हॉकर सेंटर्सची खाद्यसंस्कृती तर युनेस्कोनं २०२० साली अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. तिथं ज्या गाळ्यापुढं रांग, तिथं उभं राहायचं. फ्रान्समध्ये जेवणाबरोबर नळाच्या पाण्याची सुरई फुकट मागता येते. इटलीत कॉफी काउंटरला उभं राहून प्यायली की स्वस्त, टेबलाशी बसलात की दर वाढतो. बिलात माणशी 'कोपेर्तो' लागतो, तो पावाचा आणि बसण्याचा आकार आहे. भांडायला जाऊ नका, दारातच मेनूवर लिहिलेला असतो. उलट फोटोंचा मेनू सहा भाषांत छापून दारात उभा असलेला माणूस हात धरून आत बोलावत असेल, तर पुढं चालू लागा. महाद्वार रोडवर तुम्ही तेच करता.

'आम्ही शाकाहारी, तिथं उपाशी राहायचं का?' हा प्रश्न खरा आहे. फ्लॉरेन्सपुरतं उत्तर देतो. तिथला 'रिबोल्लीता' म्हणजे पांढरा घेवडा, काळसर पानांची भाजी आणि शिळा पाव एकत्र शिजवलेलं दाट सूप. 'पाप्पा अल पोमोदोरो' म्हणजे टोमॅटोच्या रसात शिळा पाव. आपल्या फोडणीच्या पोळीसारखंच हे, काही वाया न घालवणाऱ्या घरातलं अन्न. मांसाचं पाणी घातलंय का, एवढं विचारून घ्यायचं. आणि कडक शाकाहारी असाल तर पार्मेझान चीज टाळा, त्यात वासराच्या जठरातलं रेनेट असतं. मांस खाणाऱ्यांसाठी तिथल्या हातगाड्यांवर 'लाम्प्रेदोत्तो' मिळतो. वजडी-मुंडी खाणाऱ्या माणसाला त्याची किळस वाटायचं कारण नाही, पण तो गायीच्या चौथ्या जठराचा असतो. खायचं की नाही, ते माहीत असून ठरवा.

सत्तरी ओलांडलेल्या, मधुमेह असलेल्या आईला रात्री वरण-भात लागतो, त्यात काही गैर नाही. तिच्यासाठी ती सोय हवीच. पण चाळिशीतला धडधाकट माणूस सलग दहा दिवस तेच पनीर बटर मसाला खातो आणि स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखच्या ३,४५४ मीटर उंचीवरही भारतीय बुफेच शोधतो, तेव्हा त्यानं स्वतःचं नुकसान करून घेतलेलं असतं. गंमत म्हणजे कोल्हापुरात हाच माणूस रात्री साडेनऊशिवाय ताटावर बसत नाही. गटाला मात्र साडेसहाला जेवायला बसवतात, कारण सातला दुसरा गट यायचा असतो. स्पेनची रात्री नऊची वेळ तर आपल्या घरची वेळ आहे.

फ्लॉरेन्सचंच उदाहरण पुन्हा पुन्हा घेतोय, कारण तिथं कोल्हापूरचं माणूस आहे. छत्रपती राजाराम महाराज १८७० साली युरोपला गेले, इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियाला भेटले आणि परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये ३० नोव्हेंबर १८७० रोजी वारले. वय अवघं वीस. तिथं दहनाची रीत नव्हती. खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. त्यांनी प्रवासात लिहिलेली रोजनिशी कॅप्टन वेस्टनं संपादित केली आणि ती १८७२ साली लंडनला छापली गेली. संगमावर १८७४ साली छत्री उभी राहिली. तिचा आराखडा चार्ल्स मँटचा. आपला नवीन राजवाडा ज्यानं आखला, तोच हा मँट. जवळच्या पुलाला फ्लॉरेन्सकर आजही 'इंदियानो'चा, म्हणजे भारतीयाचा, पूल म्हणतात.

कोल्हापूरचे गट दोन-तीन तासांत दुओमो हे मोठं चर्च आणि मायकेलँजेलोचा चौक उरकतात. ही छत्री कार्यक्रमात नसते, कारण ती कास्चिने बागेच्या पार पश्चिम टोकाला आहे आणि बागच साडेतीन किलोमीटर लांब. शहरात राहिलेल्या माणसाला मात्र ती सहज जमते. सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनजवळून पहिल्या मार्गाची ट्राम, कास्चिनेचा थांबा, मग झाडीतून तास-पाऊण तास चाल. सकाळी नाश्त्याआधी निघालात तर दहाच्या आत परत. हायवेवरच्या हॉटेलातून हे होत नाही. टूरवाल्यांनी हा अर्धा दिवस कार्यक्रमात घालावा, असं मला मनापासून वाटतं. कोल्हापूरच्या गटासाठी तो कुठल्याही मॉलपेक्षा मोलाचा आहे.

राहण्याची जागा स्वतः निवडणार असाल तर 'केंद्रापासून अमुक किलोमीटर' या ओळीवर जाऊ नका. ट्राम किंवा मेट्रोचा थांबा किती पावलांवर आहे ते नकाशात मोजा. लिफ्ट आहे का, हे नाव घेऊन विचारा. जुन्या इमारतींत चौथ्या मजल्यापर्यंत दगडी जिनाच असतो, आणि गुडघे तुमच्या वडिलांचे असतात. जुलैत जाणार असाल तर एसी आहे का तेही विचारा, ते गृहीत धरता येत नाही. न्हाणीघराबद्दल विचारायला लाजू नका. इटलीत १९७५ पासूनच्या नियमानं घरात बिडे, म्हणजे धुण्यासाठीचं बसकं भांडं, लागतो, त्यामुळं पाण्याची सोय बहुधा मिळते. पॅरिसला ती मिळेलच असं नाही. घर भाड्यानं घेत असाल तर जाहिरातीत नोंदणी क्रमांक आहे का बघा. इटलीत २०२५ पासून तो सक्तीचा आहे. फ्लॉरेन्सनं २०२३ साली जुन्या शहरात पर्यटकांसाठीच्या अशा नव्या घरांना बंदी घातली, कारण तिथल्या रहिवाशांनाच भाड्यानं घर मिळेनासं झालं होतं. त्यांच्या गल्लीत राहायला जाताना हेही लक्षात ठेवावं. साध्या, कुटुंबानं चालवलेल्या छोट्या हॉटेलला माझी पहिली पसंती असते.

कांदा-लसूण चटणी, भडंग, शेंगा चटणी खुशाल न्या. दुधाचे पदार्थ आणि मांस मात्र युरोपीय संघात नेता येत नाही. तूप आणि पेढे कस्टम्सच्या डब्यात जातील.

व्हिसासाठी हॉटेलचं बुकिंग दाखवावंच लागतं. म्हणजे कंपनीकडं आधीपासून हॉटेलचं नाव-पत्ता असतो. पुढच्या वेळी ॲडव्हान्सचा चेक लिहिण्याआधी तो मागा. प्रत्येक रात्रीचा, गल्ली आणि पिनकोडसकट. शेवटच्या क्षणी हॉटेल बदललं तर जुन्या शहरापासूनचं जास्तीत जास्त अंतर किती असेल, हे करारात लिहून घ्या. आणि आठ रात्रींपैकी निदान चार रात्री जेवणाचे पैसे हातात द्या, आम्ही बाहेर जेवतो, असं गटानं मिळून सांगा. एकट्या माणसाचं कुणी ऐकणार नाही. चाळीस जणांनी एकदम सांगितलं तर कंपनीला पत्रक बदलावंच लागेल.