चैतन्य हवं, आवाज नको

मेक्सिको सिटीत भाड्याने घर शोधणाऱ्या परदेशी पाहुण्याची अट एकच असते. वस्ती जिवंत हवी. रस्त्यावर माणसं हवीत, कोपऱ्यावर ताकोची गाडी हवी, झाडं हवीत, गाणंबजावणं हवं. आणि रात्री दहानंतर यातलं काहीही ऐकू येता कामा नये.

त्याच्या आवडीच्या दोन वस्त्या ठरलेल्या आहेत, रोमा आणि कोंदेसा. शहराच्या मधोमध, हिरव्यागार, देखण्या. पगार डॉलरात, खर्च पेसोत, लॅपटॉप मांडीवर. अमेरिकन पासपोर्ट असला की पर्यटक म्हणून १८० दिवसांपर्यंत बिनव्हिसाचं राहता येतं. मेक्सिकन माणूस उलट दिशेने निघाला, की भिंत लागते.

कोंदेसातला आम्स्तरदाम हा रस्ता लंबगोल आहे. तिथे पूर्वी घोड्यांच्या शर्यती व्हायच्या. आता भाडी धावतात. घोडे निदान दमायचे तरी.

रोमाची कथा याहून न्यारी. १९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपाने ही वस्ती खिळखिळी केली. ऐपतवाले निघून गेले, भाडी कोसळली, आणि जायला दुसरी जागा नसलेले तिथेच राहिले. मग चित्रकार आले, मागोमाग गॅलऱ्या, मग कॉफी. २०१७ साली नेमक्या त्याच तारखेला पुन्हा धरणी हादरली, तीही भूकंपाची रंगीत तालीम उरकल्यावर दोन-एक तासांत. दोन-दोन भूकंप पचवलेल्या भाडेकरूला शेवटी हलवलं कोणी?

घरमालकाच्या एका ईमेलने.

आणि जिवंतपणा म्हणाल, तर तो या शहरात कमी पडायची भीतीच नाही. भंगारवाल्याच्या गाडीवर एका लहान मुलीचा रेकॉर्ड केलेला आवाज वर्षानुवर्षं तोच वाजतोय. गाद्या, फ्रिज, शेगड्या, जुनं लोखंड, असेल ते द्या. अंधार पडला की तमाल, म्हणजे मक्याच्या पिठाचे उंडे, विकणाऱ्याची टेप. त्यानंतर भाजलेली रताळी विकणाऱ्याच्या गाडीची वाफेची शिट्टी, जिने मुडदाही उठून बसावा. पहिल्या आठवड्यात पाहुण्याला याचं काय कौतुक! व्हिडिओ काढून घरी पाठवतो. दुसऱ्या महिन्यात तोच विचारतो, तक्रार कुठे करायची?

शांतताच हवी होती, तर ओहायो काय वाईट होतं?

तिथल्या लोकांचीही एक तक्रार आहे. पाहुण्यांच्या जिभेला जपता जपता साल्सा तिखट लागेनाशी झाली. हसू येतंय? कोल्हापुरात पर्यटकांसाठी तांबडा रस्सा गोडा करून दाखवा, मग बोलू.

शेवटी ४ जुलै २०२५ ला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचाच मुहूर्त साधून, या वस्त्यांत मोर्चा निघाला. ग्रिंगो (म्हणजे अमेरिकन) चालते व्हा, अशा घोषणा झाल्या. तोंडं झाकलेल्या काहींनी दुकानांच्या आणि कॅफेंच्या काचा फोडल्या. त्या झाडणार कोण? ग्रिंगो?

राष्ट्राध्यक्ष क्लाउदिया शेनबॉम यांनी परदेशी माणसांच्या द्वेषाचा निषेध केला. रास्तच आहे. २०२२ साली शहराच्या प्रमुख असताना, लॅपटॉपवाल्यांनी आमच्याकडे यावं म्हणून एअरबीएनबी आणि युनेस्कोबरोबर करार करणाऱ्या बाईही त्याच. बोलावलेल्या पाहुण्याला घरच्यांनी हाकललं, तर यजमानीणबाईंना वाईट वाटणारच.

तसं शहर हातावर हात धरून बसलेलं नाही. भाडेवाढ महागाईच्या दरापुढे नको आणि पाहुण्यांना घर द्यायचं तर वर्षातल्या निम्म्याच रात्री, असे कायदे २०२४ मध्ये झाले. रात्री मोजायला कोण बसलंय, ते विचारू नका.

बरं, सगळा राग पाहुण्यावर. भाडं दुप्पट करणारा घरमालक कोण होता? बहुतेक वेळा अस्सल मेक्सिकन, त्याच गल्लीत वाढलेला, त्याच चर्चमध्ये जाणारा. गिरगावातला मराठी माणूस डोंबिवली-विरारला गेला, तेव्हा त्याच्या दारात कुठला गोरा उभा होता?

रोमाला परदेशी माणूस नवा नाही, अगदी आपल्याकडचासुद्धा. १९१७ साली अमेरिकेतून निसटलेले मानवेंद्रनाथ रॉय इथे आले आणि दोन वर्षांत मेक्सिकोचा कम्युनिस्ट पक्ष काढायला हातभार लावून मोकळे झाले. हेच रॉय पुढे आपल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचे वैचारिक सोबती. रोमातल्या रॉय यांच्या घरात नंतर नाइट क्लब निघाला. नाव काय? 'एम. एन. रॉय'. क्रांती अशीही साजरी होते.

वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे तर गदर चळवळीतले, इंग्रजांना चुकवत जगभर फिरलेले. १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोत पोहोचले, चापिंगोच्या कृषी शाळेत शिकवू लागले, मक्याचं वाण सुधारण्यात बुडाले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. दिएगो रिव्हेराने त्यांना भित्तिचित्रात रंगवलं, तेही भाकरी वाटताना. २०२२ मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळा बसला. त्यांच्याविरुद्ध मोर्चा निघाल्याचं ऐकिवात नाही. त्यांनी मका बदलला. आजच्या पाहुण्याची मागणी असते, की दूध ओटचं हवं.

आता आपलीही पोरं घरून काम करतात आणि नकाशावर बोट ठेवून घर निवडतात. तुमच्या चिरंजीवांनाही मेक्सिको सिटीत सहा महिने काढायची हुक्की आली असेल, तर जाऊ द्या. त्यांना एवढंच बजावा, की भाडं ऐकल्यावर 'एवढं स्वस्त?' असं घरमालकासमोर मोठ्याने म्हणू नका.