पोहे पेणचे, मुहूर्त फ्रान्सचा

पेण-रोह्यात अजून वाइन महोत्सव भरलेला नाही, याचे आम्हाला राहून राहून आश्चर्य वाटते. डोंगर आहेत, खाडी आहे, कुंडलिका नदी आहे, आणि फार्महाउसांच्या पाट्या तर भाताच्या रोपांपेक्षा दाट उगवल्या आहेत. एवढी सामग्री हाताशी असताना इथला शनिवार-रविवार नुसता बाजारहाट आणि शेतीत जावा, हे आजच्या महाराष्ट्राला शोभत नाही. महोत्सव आज ना उद्या भरणारच. तेव्हा त्याची पूर्वतयारी आपणच करून ठेवावी, म्हणून आम्ही एक इव्हेंट सल्लागार नेमला. तो कल्पनेतला आहे, त्यामुळे त्याची फी परवडते.

सल्लागाराने पहिल्याच बैठकीत नाव सुचवले: ‘शरद खाद्य आणि वाइन वीकेंड’. शरदच का, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, जगभर हे शरदातच होते.

त्याचे खरे आहे. युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षे उतरवतात. फ्रान्समध्ये बोजोले नुव्हो ही त्या वर्षाची कोरी वाइन नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते आणि लोक तिच्यासाठी रांगा लावतात. पीक घरात आले, की आनंद करायचा, एवढा सरळ हिशेब आहे त्यांचा. आमच्या नाशिकची द्राक्षे मात्र फ्रान्सचे कॅलेंडर पाहत नाहीत. ऑक्टोबरात तिथे गोडी छाटणी चालू असते. वेलीवर द्राक्ष सोडा, धड पानही नसते. वाइनची द्राक्षे हाती येतात जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे ज्या शनिवारी आपण ग्लास उंचावून ‘हंगाम मुबारक’ म्हणणार, त्या शनिवारी नाशिकचा शेतकरी हातात कात्री घेऊन पुढच्या पावसाकडे धास्तीने पाहत असणार. सल्लागार म्हणाला, “त्याचं काही नाही, आपण मागच्या वर्षीची आणू.”

मग तारीख ठरवायला बसलो, आणि खरी गंमत सुरू झाली. शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. त्याआधीचा पंधरवडा पितरांचा. त्यात कोणी मंडप घालणार नाही. मग नवरात्र. एरवी माशाशिवाय घास न उतरणारी घरेसुद्धा त्या नऊ दिवसांत बोंबील वर टांगून ठेवतात. दसऱ्याला रोह्यात धावीर महाराजांचा उत्सव असतो. पालखीला पोलिस शस्त्रांसह मानवंदना देतात. त्याच बंदोबस्तातल्या हवालदाराला दुसऱ्या दिवशी वाइनच्या मंडपाबाहेर उभे करणे बरे दिसत नाही. २ ऑक्टोबरला दुकाने बंद, आणि २ ते ८ ऑक्टोबर तर सरकारचा दारूबंदी सप्ताह. १९ ऑक्टोबर ही रोह्यात जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांची जयंती. त्यांच्या स्वाध्याय परिवाराने किनाऱ्यावरच्या किती कोळीवाड्यांतली दारू सुटली, हे तिथल्या बायकांना विचारावे. पुढे दिवाळी. मग कार्तिकी एकादशी, पुन्हा कोरडा दिवस. एकादशी सरली, की तुळशीची लग्ने आणि मागोमाग माणसांची.

“पेणला तरी घेऊ,” सल्लागार म्हणाला. पेण तालुक्यातले गागोदे हे विनोबांचे जन्मगाव, हे आम्ही त्याच्या कानावर घातले. विनोबांचे नाव त्याने कुठल्यातरी कॉलेजच्या पाटीवर वाचले होते. “मग हेरिटेज अँगल मिळाला!” असे म्हणून त्याने वहीत लिहून घेतले.

तारीख बाजूला ठेवून आम्ही खाण्याकडे वळलो. सल्लागाराच्या यादीत पहिली होती पोपटी. ‘मातीच्या मडक्यात, पानांच्या धुरावर, स्थानिक शेंगांसह मंद शिजवलेला अनुभव’ असे त्याने तिचे वर्णन केले होते, आणि सोबत शिराझचा ग्लास सुचवला होता. वर्णनात चूक काढायला जागा नाही. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडे मीठ, जमले तर अंडी आणि मसाला चोळून पाल्यात गुंडाळलेली कोंबडी. तोंड पाल्याने गच्च बंद करून मडके उपडे ठेवायचे आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करायचा. आत पाणी नाही, तेल नाही. अर्ध्या तासात शेंग अशी शिजते, की दाणा बोटांच्या चिमटीतून आपसूक तोंडात येतो.

अडचण एवढीच, की हा सगळा खेळ पौष-माघातला. बाजारात बसणाऱ्या एका मावशीला सल्लागाराने ऑक्टोबरसाठी शंभर किलो शेंगांची ऑर्डर देऊ केली. ती म्हणाली, “बाबा, वाल आजून पेरलाच नाय, त शेंगा कुठून आनू?” भात कापले, की त्याच शेतातल्या उरल्यासुरल्या ओलीवर वाल पेरतात. वरचे पाणी नाही, फक्त ओल आणि थंडी. वालाची चव तिथूनच येते. तो शेंगेवर यायला थंडी मुरावी लागते. आपला महोत्सव ज्या मोकळ्या रानावर भरायचा ठरला होता, ते मोकळे नव्हतेच. त्यावर कापणीला आलेले भात उभे होते. सल्लागाराने तोडगा काढला: शीतगृहातला मटार आणि गॅसची शेगडी. धुरासाठी वेगळे यंत्र मिळते म्हणे.

यादीत दुसरा होता जिताडा. पेणच्या खारेपाटातला हा मासा गावतळ्यांत आणि शेततळ्यांत वाढवतात, आणि साहेबांकडे काम अडले की त्याला धाडतात, अशी इकडची जुनी चाल आहे. कित्येक सातबारे जिताड्याच्या पाठीवर बसूनच सरळ झाले असतील. सल्लागाराने त्याला सोव्हिन्यों ब्लाँची जोड दिली आणि मासा कुठून येतो ते पाहायला खाडीवर ‘फार्म टूर’ आखली. टूरमध्ये खारबंदिस्तीचा बांधही दाखवायचा असे आम्ही सुचवले. उधाणाला हा बांध फुटून खांड गेली, की खारे पाणी भाताच्या शेतात शिरते आणि पुढची काही वर्षे तिथे भाताची काडी उगवत नाही. सल्लागाराला ‘खांड’ हा प्रकार फोटोच्या दृष्टीने आवडला. संध्याकाळच्या उजेडात तिथे पाण्यात आभाळ छान दिसते.

तिसरे पोहे. पेणची ख्याती बाहेरगावी गणपतीच्या मूर्तींनी, आणि घराघरांत पोहे-पापड-मिरगुंडांनी पोचलेली. पोह्यांची गिरणी पाहायला मात्र कोणी जात नाही. भिजवलेले भात तापलेल्या भट्टीवर भाजायचे आणि गरम असतानाच चेपायचे. जाड हवा की पातळ, ते चेपण्यावर ठरते. ऑक्टोबरच्या उकाड्यात त्या भट्टीपुढे उभा राहणारा माणूस दिवसभरात जेवढा घाम गाळतो, तेवढी वाइनही या महोत्सवात वाहणार नाही. सल्लागाराने पोहे ‘फ्लॅटन्ड हेरिटेज राइस’ या नावाने घेतले. केळीच्या पानाच्या चतकोर तुकड्यावर दोन चमचे, वर डाळिंबाचे तीन दाणे. किंमत आम्ही सांगत नाही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे घराणे रोह्याचे. त्यांच्या गावात चलनाची अशी अवहेलना छापून येऊ नये.

आता वाइन. महाराष्ट्रात दारू पिण्याबाबतचा जो मूळ कायदा आहे, तो १९४९ चा आहे आणि त्याच्या नावातच दारूबंदी आहे. या बंदीच्या कायद्याखाली पिण्याचा परवाना मिळतो. एका दिवसाचा हवा असेल, तर विदेशी मद्यासाठी पाच रुपये आणि देशीसाठी दोन. कायमचा परवाना हवा, तर तो ‘आरोग्य जपण्यासाठी’ म्हणून मागायचा असतो. आमच्या महोत्सवाला येणारी सगळी मंडळी तब्येतीच्याच काळजीने येतील, याबद्दल आमच्या मनात संशय नाही.

तसे आपले सरकार वाइनच्या बाबतीत फार हळवे आहे. २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने ठरवले, की हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवायला हरकत नाही. कारण शेतकऱ्याचे हित. वाइन म्हणजे दारू नव्हे, असेही सत्तेतल्या एका नेत्याने सांगून टाकले. विरोधकांनी महाराष्ट्राचे मद्यराष्ट्र होत असल्याची ओरड केली, अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय फायलीत मुरत पडला. वाइनचे तरी बरे असते, मुरल्यावर तिची किंमत वाढते.

त्याच वर्षी आणखी एक निर्णय झाला. मोहाची फुले आणि काजूची बोंडे यांपासून होणाऱ्या मद्याला ‘विदेशी मद्या’चा दर्जा द्यायचे ठरले. आमच्या जंगलातला मोह, आमच्या डोंगरातला काजू, आणि दर्जा विदेशी! याच भागातल्या मोहावर इंग्रजांचीही भारी मर्जी होती. एकोणिसाव्या शतकात उरणच्या भट्ट्यांमधली मोहाची दारू मुंबई शहर पीत असे. त्या धंद्याला, आणि सरकारच्या महसुलाला, धक्का नको म्हणून १८९२ साली खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी कायदा झाला. कातकऱ्याने आपल्याच झाडाखाली पडलेली फुले गोळा करून घरात ठेवली, तरी गुन्हा. कुलाब्याचा रायगड १९८१ मध्ये झाला. मोहाच्या झाडाखालचा कातकरी मात्र अजून तिथेच उभा आहे, फरक इतकाच की आता त्याची फुले विदेशी झाली.

“मग स्थानिक काहीच नाही का?” असे सल्लागाराने विचारले, म्हणून आम्ही त्याला माडी सुचवली. किनाऱ्यावरच्या माडांची ही माडी पहाटे उतरते आणि ऊन चढेल तशी तिची मस्ती चढते. तिच्यात कंपनी नाही, रसायन नाही, वर्षानुवर्षे तळघरात निजवणे नाही. सल्लागाराने नाक मुरडले. बाटली नाही, बूच नाही, लेबल नाही. मग ग्लास फिरवून वास घेताना माणसाने चेहरा कसला करायचा?

जागेचा प्रश्नही छोटा नाही. महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत मद्यविक्री नको, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या डिसेंबरात दिला होता. पुढच्या वर्षी नगरपालिकांच्या हद्दींना त्यातून मोकळीक मिळाली. पेण आणि रोहा, दोन्हीकडे नगरपालिका आहेत. म्हणजे गावात चालेल, गावाबाहेर मोजपट्टी धरावी लागेल. पण तिथवर पोचायचे कसे? मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले. त्या वर्षी ज्या मुलांनी पहिलीत नाव घातले, ती आता वाइन चाखायच्या कायदेशीर वयाला, म्हणजे एकविसाला, टेकली आहेत. रस्त्याला मात्र अजून कायदेशीर वय आलेले नाही. वडखळपर्यंत पोचता पोचता पाहुण्यांच्या पोटातले सगळे एवढे घुसळून निघते, की वेगळी वाइन देण्याची गरज पडेल असे आम्हाला वाटत नाही.

शेवटी सल्लागार हताश झाला. म्हणाला, “म्हणजे या दोन तालुक्यांत शरदात काहीच होत नाही?”

होते की. आश्विन पौर्णिमेला उभा महाराष्ट्र कोजागरी म्हणतो, कोकणात तिला नवान्न पौर्णिमा म्हणतात. शेतातून भाताच्या पहिल्या लोंब्या घरी येतात. झेंडू, कुरडूची फुले, आंब्याची पाने यांच्यासोबत त्या दाराला बांधतात, देवापुढे ठेवतात, आणि मग नव्या तांदळाचा पहिला घास खातात. रात्री पोहे आणि नारळाचे पाणी. मग दिवाळीला सकाळी नव्या भाताचे पोहे: दुधाचे, दह्याचे, गुळाचे, फोडणीचे. फ्रेंच माणूस तिसऱ्या गुरुवारी कोऱ्या वाइनसाठी जे करतो, तेच आमचा शेतकरी कोऱ्या भातासाठी करत आला आहे. फ्रान्सकडून घ्यायचेच असेल, तर पीक दारात आल्यावर आनंद करण्याची शिस्त घ्यावी. आपण नेमका त्यांचा महिना उचलला आणि शिस्त तिथेच ठेवून आलो.

हे ऐकून सल्लागाराने राजीनामा दिला. मनगटावरचा पट्टा नाही, प्रायोजकाचा फलक नाही, सेल्फीची चौकट नाही; असल्या उत्सवात त्याला टक्केवारी कुठून मिळणार?

तेव्हा वाचकहो, या शरदातला कार्यक्रम आम्हीच जाहीर करतो. दिवा-रोहा गाडीने या, खड्डे चुकतील. पेणला उतरून पोह्यांच्या गिरणीवर जा, भट्टी पाहा, आणि नव्या भाताचे कधी निघणार ते विचारून घ्या. खाडीकाठी जिताडा मिळाला, तर खा. साहेबांकडे पाठवू नका. पोपटीसाठी पुन्हा या, पण जानेवारीत, आणि कोणाच्या तरी शेतात बोलावणे मिळवून या. वाइन प्यायचीच असेल, तर पाच रुपयांचा परवाना काढून घरी प्या. आरोग्य जपले जाईल. नवान्नाची तारीख पंचांगात छापलेली आहे आणि प्रवेश विनामूल्य आहे. पोह्यांचे पैसे मात्र रोख द्या, आणि ज्या तोंडाने वाइनच्या बाटलीचा भाव मुकाट ऐकता, त्या तोंडाने मावशीशी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका.