बुद्धाच्या सिनेमातलं हसू कोणी कापलं?

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीच्या पोट्ट्यांना नारुतो ठाऊक आहे, लुफी ठाऊक आहे, डोरेमॉनच्या खिशातून काय काय निघतं ते तर तोंडपाठ आहे. फक्त जपानी कार्टूनमधली ही सगळी मंडळी त्यांच्याशी हिंदीत बोलतात. सप्टेंबर 2025 मध्ये ‘डीमन स्लेअर: इन्फिनिटी कॅसल’ हा जपानी सिनेमा भारतात लागला तो जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत. मराठीचा पत्ता नाही. वाशिमचा असो की वाड्याचा, मराठी पोरगा हिंदीत भागवून घेतो हे वितरकांना पक्कं ठाऊक आहे, आणि आपण कधी कुरकुरही करत नाही. मला याचा राग येतो.

त्या रागातच आज जपानी चित्रकथा, म्हणजे मंगा, आणि त्यांच्यावरून निघालेले सिनेमे घेतो. ज्याला जेवढा मार हवा तेवढाच देईन.

‘ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन’, 2009. मूळ गोष्टीतला गोकू हा रानात वाढलेला, शेपटी असलेला, परातभर जेवणारा पोरगा. हॉलिवुडनं त्याला धरून हायस्कुलात बसवलं आणि वर्गातल्या दांडगटांकडून त्याची टिंगल करवली. हा सिनेमा लिहिणारे बेन रॅम्सी यांनी 2016 मध्ये चाहत्यांची जाहीर माफी मागितली. माफी मान्य. सिनेमा नामंजूर.

‘ओल्डबॉय’ची कुंडली फार मजेची आहे. एका माणसाला कोणीतरी कोंडून ठेवतं आणि कारण सांगत नाही. जपानी मंगात त्याची कोठडी दहा वर्षांची. 2003 साली कोरियात पार्क चान-वूक यांनी सिनेमा काढला, तिथे ती पंधरा वर्षं झाली आणि कानच्या महोत्सवात ग्रां प्री मिळालं. 2006 मध्ये आपल्याकडे ‘जिंदा’ आला. संजय दत्त चौदा वर्षं आत. आपल्याकडे आला की चौदाच, रामापासून तोच हिशेब! 2013 मध्ये अमेरिकेनं वीस केली. पण ‘जिंदा’ बघून घरी गेलेल्या प्रेक्षकाला ही गोष्ट मुळात जपानी चित्रकथेची आहे हे कोणी सांगितलं नाही, आणि कोरियन निर्मात्यांनी तर चोरीचा आरोप केला. दुसऱ्याची गोष्ट घ्यावी, खुशाल घ्यावी. नाव सांगून घ्यावी.

आता शाबासकी. डिसेंबर 2012 मध्ये कलर्स वाहिनीवर ‘सूरज: द रायझिंग स्टार’ ही मालिका सुरू झाली. मूळ ‘क्योजिन नो होशी’, 1966 ते 71 मधली बेसबॉलची मंगा. इक्की काजिवारा यांचं लेखन, नोबोरू कावासाकी यांची चित्रं. बेसबॉलचं क्रिकेट केलं, टोकियोची मुंबई केली, आणि बापानं पोराला घडवण्यासाठी अंगावर चढवलेल्या पोलादी स्प्रिंगांच्या जागी सायकलच्या ट्यूबा आल्या. मला हा फेरफार अतिशय आवडतो. गरिबाच्या घरात स्प्रिंगांचं यंत्र कुठून येणार? जुनी ट्यूब मात्र खुंटीला असतेच. बादलीचं हँडल बांधण्यापासून बैलगाडीच्या दांडीपर्यंत ती आपण वापरलेली आहे. ज्यानं हे सुचवलं त्यानं आपल्याकडची घरं नीट पाहिली होती. पैसा घालणाऱ्यांत कोकुयो कॅमलिनही होती, म्हणजे दांडेकरांनी उभारलेली, आपल्या कंपासपेटीवरची कॅमलिन. एवढं सगळं जुळलं, आणि मुंबईच्या गरीब वस्तीतला पोरगा बोलला हिंदीत.

आता ज्याच्यासाठी बसलो त्याकडे येतो.

मंगाकार ओसामू तेझुका यांनी 1972 ते 1983 अशी बारा वर्षांच्या घरात खपून ‘बुद्ध’ काढला. जपानीत चौदा खंड, इंग्रजीत आठ; इंग्रजीला 2004 आणि 2005 असा दोनदा चित्रकथांसाठीचा आयस्नर पुरस्कार. भारतात हार्पर कॉलिन्सनं तो छापला, अर्थात इंग्रजीत. पहिला खंड उघडा आणि सिद्धार्थ शोधा. तो जन्मतो, पण गोष्ट त्याची नाहीच. गोष्ट आहे चाप्राची. हा गुलामाचा पोरगा. मालकाचा माल घेऊन जाताना त्याला लुटतात, आणि माल परत आणला नाही तर आईला विकतील अशी धमकी असते. लुटणारा तात्ता त्याच्याहूनही खालच्या पायरीवरचा, जनावरांच्या अंगात शिरू शकणारा पोरगा. चाप्रा पुढे मगरीपासून कोसलच्या सेनापतीला वाचवतो आणि त्याचा मानलेला मुलगा होतो. आता फक्त एकच अट: आई कोण ते कळता कामा नये. ती कळते, आणि मायलेक दोघंही मरतात.

बुद्धाची गोष्ट सांगायला निघालेला माणूस आधी शेकडो पानं जातीच्या उतरंडीला देतो. राजवाडा नंतर. हे टोकियोतल्या एका चित्रकाराला सुचलं! आणि या सगळ्या रडारडीत तो सतत हसवतो. अडीच हजार वर्षांपूर्वीची माणसं मधेच आजच्या जगाचे विनोद करतात, लेखक स्वतः जाड भिंगांचा चष्मा घालून चित्रात डोकावतो, मारामारीत माणसं चौकट फोडून बाहेर पडतात. पण हसून सैल झालेल्या वाचकाला पुढच्याच पानावर मृत्यू गाठतो. तेझुकांचं सगळं बळ या उलटापालटीत आहे.

मे 2011 मध्ये तोएई कंपनीनं सिनेमा काढला, दिग्दर्शक कोझो मोरिशिता. आणि हसूच कापलं. सगळं गंभीर, सगळं भव्य, घोडे, धूळ, सूर्यास्त. बुद्धाचा विषय म्हणून आवाज खाली करून बोलायचं, असं कोणीतरी ठरवलेलं दिसतं. दोन तासांच्या आत चाप्राही उरकायचा, सिद्धार्थालाही घराबाहेर काढायचं. मग सेनापती, आई, मगर, युद्ध सगळे धापा टाकत पळतात. 2014 मध्ये दुसरा भाग आला. पण मूळ पुस्तकातला बुद्ध चुकतो, थकतो, चिडतो, आणि त्याच्याभोवती विदूषकी चालू असते म्हणूनच तो जवळचा वाटतो. सिनेमात तो सणावारी पुजायच्या तसबिरीसारखा झाला. तसबिरीशी कोण बोलतं?

तेझुकांशीही माझं भांडण आहे, आणि ते वर्धा जिल्ह्यात बसूनच करता येतं. त्यांचा सिद्धार्थ दुबळा, आजारी, मरणाच्या विचारानं पोखरलेला राजपुत्र आहे. म्हातारा, रोगी, प्रेत या जुन्या वळणावरच ते त्याला नेतात. बाबासाहेबांनी मात्र 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ही कथा नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर म्हातारा आणि मेलेला पाहिलाच नाही, हे पटत नाही असं त्यांनी स्वच्छ म्हटलं. त्यांच्या मांडणीत शाक्य आणि कोलिय रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडतात, सिद्धार्थ शाक्यांच्या भर संघात युद्धाला विरोध करतो आणि त्याची किंमत म्हणून घर सोडतो. पाण्याची पाळी, चिडलेले शेतकरी, सभेत एकटा उभा राहिलेला तरुण: तेझुकांच्या हातून हा प्रसंग काय रंगला असता! ती वीस पानं त्यांनी काढली नाहीत याची मला खरोखर हळहळ वाटते.

आणि जपान आपल्याला परका कुठे आहे? जपानी बौद्ध भिक्खू फुजी गुरुजी 1933 मध्ये वर्ध्यात गांधीजींना भेटायला आले. सेवाग्रामच्या प्रार्थनेची सुरुवात आजही जपानी उच्चारातल्या बौद्ध मंत्रानं होते. वर्ध्यातला विश्वशांती स्तूप त्याच परंपरेचा. नागपुरात कित्येक दशकं राहिलेले भदंत सुरेई ससाई जन्मानं जपानी. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांची रांग लागते, माणसं पिशव्या भरभरून पुस्तकं नेतात. त्या रांगेत तेझुकांचा ‘बुद्ध’ मराठीत, साध्या कागदावर, परवडेल अशा किमतीत हवा. आर्वीचं पोट्टं नारुतो सोडून याला हात लावणार नाही असं समजू नका. मारामारी इथेही भरपूर आहे.

अनुवाद करणाऱ्याला माझ्या तीन अटी. उघडे देह पाहून पानं गाळायची नाहीत. विनोद कापायचे नाहीत. आणि तात्ताला पुस्तकी मराठी बोलायला लावायचं नाही. उंदीर-सापांसोबत वाढलेला, चोऱ्या करून पोट भरणारा पोरगा तो. चाप्राला पहिल्यांदा रस्त्यात अडवताना तो ‘काऊन बे’ असंच म्हणेल.