नेसायची की द्यायची?

कपाटातले सगळे कपडे पलंगावर काढायचे, एकेक हातात घ्यायचा आणि स्वतःला विचारायचं, 'हा मला खरंच हवाय का?' हा नवा संस्कार जपानहून निघून आता जुळे सोलापूरपर्यंत पोचला आहे. मोजकं घ्या, विचार करून घ्या, निदान ३० वेळा अंगावर घालणार असाल तरच घ्या, असं हे शास्त्र सांगतं. शास्त्र उत्तम आहे. फक्त रचणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली, की आपल्या कपाटातले कपडे आपण स्वतःसाठी घेतलेले असतात.

आमच्याकडे कपाटाचा खालचा कप्पा आपला असतो. वरचा कप्पा, पलंगाचं पोट आणि जुनी ट्रंक ही भावकीची. चाटी गल्लीत किंवा नव्या पेठेत दुकानाची पायरी चढा, गादीवरचा माणूस पाणी विचारायच्या आधी विचारतो, "काकू, नेसायच्या दाखवू का द्यायच्या?" या एका प्रश्नावर अर्धा बाजार उभा आहे. 'नेसायची' म्हटलं की दुपार गेली. साडी दारापाशी उजेडात न्यायची, पदर खांद्यावर टाकायचा, आरशात डावीकडून-उजवीकडून बघायचं आणि शेवटी "परवा येते" म्हणून उठायचं. 'द्यायच्या' म्हटलं की चहा निवायच्या आत पंचवीस नग बांधून तयार. "रंग कुठले पण टाका ओ, फक्त दोघी जावांना एकसारख्या टाका."

सजग खरेदीचे निकष या साडीला लावून बघा. गरज आहे का? नाही. ३० वेळा नेसली जाईल का? एकदासुद्धा नाही, आणि हे दुकानदाराला, घेणारीला, देणारीला, मिळणारीला, चौघांनाही पक्कं ठाऊक आहे. इतका पूर्ण विचार करून केलेली दुसरी खरेदी मला माहीत नाही. शिवाय घरात आहेराची वही असते. कुणी, कोणत्या लग्नात, केवढ्याची साडी दिली याची नोंद तिच्यात इतकी चोख, की तिच्यापुढे सोसायटीचा ऑडिटर वरमावा. कपड्याची किंमत ठरवताना सूत, वीण, धुलाई यांचा विचार कशाला करायचा? वही बघायची.

मग ती साडी प्रवासाला निघते. कुंकवाचं बोट लागलेली घडी न मोडता ती बार्शीच्या बारशाला जाते, तिथून अक्कलकोटच्या वास्तुशांतीला आणि चार वर्षांनी मूळ मालकिणीकडे परत येते. आतली चिठ्ठी काढायची राहिली की भांडण. शर्ट-पँटच्या पिसाची गोष्ट वेगळी नाही. तो शिवायला टाकावा तर शिलाई पिसाहून महाग, म्हणून त्याचं खोकं उघडायचंच नसतं. ओटीतला ब्लाऊजपीस जगातल्या कुठल्याच साडीवर जात नाही, तरी तो सगळ्यात जास्त घरं फिरतो. आणि टॉवेल-टोपी! मांडवात ती टोपी डोक्यावर जेमतेम फोटोपुरती टिकते. पाहुणा पंगतीत बसेपर्यंत ती खिशात गेलेली असते.

ही सगळी करामत कुठे चालते? जुन्या मिलपासून लक्ष्मी-विष्णूपर्यंत गिरण्यांच्या भोंग्यावर उठलेल्या गावात. गिरण्या गेल्या, तरी यंत्रमाग आहेत. इथली चादर रोजच्या वापरात वर्षानुवर्षं टिकते, २००५ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. शाळेचे गणवेश शिवून आम्ही देशभर पाठवतो. गणवेश म्हणजे दोन जोड, आज एक अंगावर, एक दोरीवर. मोजक्या कपड्यांत राहण्याचं अख्खं शास्त्र आमचे कारागीर मशिनवर बसून रोज शिवतात. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेला भक्त पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजांबरोबर निघतात. तिची फॅशन बदलत नाही, सेल लागत नाही आणि ती कोणी कोणाला खपवत नाही. म्हणजे काय घ्यावं, कशासाठी घ्यावं, हे आम्हाला समजत नाही असं नाही. स्वतःसाठी घेताना समजतं. दुसऱ्याला देताना आम्ही ते घरी ठेवून येतो.

"आहेर आणू नये" असं पत्रिकेत छापूनही पाहिलं. वाचणारे त्याचा अर्थ "पाकिटातून आणावा" असा घेतात, आणि छापणारेही मांडवाच्या दाराशी वही-पेन घेऊन एक भाचा बसवतातच.

म्हणून या सदरातर्फे एकच नियम सुचवतो. द्यायची साडी आधी स्वतः एक पूर्ण दिवस नेसायची, तीही मे महिन्यात, सोलापूरच्या उन्हात. द्यायची टोपी घालून सात रस्त्यावरून चालत जाऊन यायचं. पीस असेल तर स्वतःचा शर्ट शिवून ऑफिसला जायचं. एवढं करून जी वस्तू उरेल ती खुशाल द्या. सुती चादर या परीक्षेत पास होईल, टॉवेलही होईल. बाकीच्यांचं सांगता येत नाही.

हा नियम नव्या पेठेतल्या एका दुकानदाराला बोलून दाखवला. त्यानं घडी घालता घालता हात थांबवला, बराच विचार केला आणि म्हणाला, "चांगलंय ओ सर. पण मग लोकांनी लग्नं कशाला करायची?"