डॉटस्लॅश नाना

प्रोग्रॅम काय करतो याच्याशी नानांना फारसं कर्तव्य नसतं. तो सुरू कसा होतो, एवढंच त्यांना विचारायचं असतं. तुम्ही उत्साहानं सांगावं, "नाना, ठेवींवरच्या व्याजाचा नवा प्रोग्रॅम झाला. चक्रवाढ, मुदतपूर्व मोडणी, सगळं बसवलंय." नाना चष्मा कपाळावर सरकवतात आणि विचारतात, "चालवायचा कसा?"

"आधी लुआ टाइप करायचं, मग फाइलचं नाव..."

हे वाक्य आजवर त्यांनी कुणालाही पुरं करू दिलेलं नाही. "म्हणजे तू कुठल्या भाषेत लिहिलंस, ते पतसंस्थेतल्या कारकुनानं पाठ करायचं? का? तुझ्या पगारातले पैसे त्याला मिळतात?"

असा एक इसम सॉफ्टवेअरच्या प्रत्येक ऑफिसात सापडतो. कुठे तो पंचविशीतला असतो आणि कानात हेडफोन असतात, कुठे निवृत्तीला टेकलेला असतो. श्रद्धा एकच: फाइलचं नाव घ्यावं आणि फाइल चालावी. मध्ये दलाल नको. युनिक्सवर समोरच्या फोल्डरातली फाइल चालवायला आधी डॉट आणि स्लॅश मारावा लागतो, तेवढी सूट नाना देतात; म्हणून ऑफिसात ते डॉटस्लॅश नाना. त्यांना हे नाव ठाऊक आहे आणि आतून आवडतं, असा माझा संशय आहे.

या दुखण्याचं मूळ क्लिपरमध्ये आहे. डीबेस थ्रीत लिहिलेला प्रोग्रॅम चालवायचा तर गिऱ्हाइकाकडेही डीबेस लागायचं. क्लिपरनं, विशेषतः त्याच्या 'समर ८७' आवृत्तीनं, ती कटकट मिटवली. कंपाइल करा, लिंक करा, हातात एक ईएक्सई. नाना शर्टाच्या खिशात फ्लॉपी घालून एसटीनं तालुक्याला जायचे, फाइल कॉपी करायचे, नाव टाइप करून एंटर मारायचे, की डॉट मॅट्रिक्स प्रिंटर व्याजाची यादी कर्रकर्र ओकायला लागायचा. चेअरमननी मागवलेला चहा येईपर्यंत नाना मोकळे. "एक फाइल! बाकी काही नाही!" हे सांगताना त्यांचा आवाज अजून भरून येतो. तेव्हा सगळीकडे एकच डॉस होतं, हा तपशील ते गाळतात.

फाइलचं एक्स्टेन्शन नाना मानत नाहीत. ते पहिले बाइट बघतात. विंडोजच्या ईएक्सईची सुरुवात 'एम-झेड'नं होते. ती मार्क झ्बिकोव्स्की या मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरची आद्याक्षरं, जी डॉसच्या काळापासून जगातल्या प्रत्येक ईएक्सईच्या कपाळावर कोरलेली आहेत. जावाची क्लास फाइल हेक्समध्ये उघडली की 'कॅफेबेब' वाचता येतं. आणि स्क्रिप्टच्या माथ्यावरचं हॅश आणि उद्गारचिन्ह, म्हणजे शिबँग, हे तर नानांचं दैवत. डेनिस रिचींनी १० जानेवारी १९८० रोजी बेल लॅब्जमधून कळवलं, की फाइल या दोन चिन्हांनी सुरू होत असेल तर त्याच ओळीत पुढे लिहिलेला इंटरप्रीटर आता सिस्टिम स्वतःच बोलावून आणेल. दर १० जानेवारीला नाना ऑफिसात पेढे आणतात. नवीन पोरं "हॅपी बर्थडे नाना" म्हणून पेढा उचलतात. आम्हीही चूक सुधारत नाही, पेढे चांगले असतात.

इथवर नाना सुसह्य आहेत. पण साधी स्क्रिप्ट थेट चालली म्हणून त्यांचं समाधान होत नाही, त्यांना कंपाइल केलेली स्क्रिप्ट थेट चालवायची असते. त्याला कारणही आहे. एका पतसंस्थेत कुण्या संचालकाच्या मेहुण्यानं उघडी स्क्रिप्ट नोटपॅडमध्ये घेऊन स्वतःच्या ठेवीपुरता साडेआठाचा साडेनऊ टक्के केला होता. तेव्हापासून नाना गिऱ्हाइकाकडे सोर्स ठेवत नाहीत. लुआचा कंपाइलर बाइटकोड काढून देतो. त्यानं प्रोग्रॅम जास्त वेगानं धावत नाही, फक्त लोड लवकर होतो, असं लुआवालेच सांगतात. "धावायचंय कुणाला?" नाना म्हणतात. "मेहुण्याला वाचता आलं नाही म्हणजे झालं."

मग एके दिवशी त्यांना साक्षात्कार झाला. लुआ फाइल उघडताना पहिली ओळ हॅशनं सुरू होत असेल तर ती सोडून देतं, आणि ही सवलत बाइटकोडलाही आहे! म्हणजे वर एक ओळ शिबँगची, खाली नुसता बायनरी राडा, फाइलला एक्झिक्यूटची परवानगी, आणि चालली की थेट! नानांनी ती फाइल स्क्रीनवर उघडून सगळ्यांना बोलावलं. वर एक सुवाच्य ओळ, खाली चौकोन, प्रश्नचिन्हं आणि मधूनच 'व्याज' शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगचा एखादा तुकडा. नाना त्याच्याकडे नातवाच्या बारशाला उभं राहावं तसे बघत होते.

दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या मशीनवर चालेना. तिथलं लुआ ५.३, बाइटकोड ५.१चा; एक दुसऱ्याचं ओळखत नाही. ते निस्तरलं, तर लिनक्स म्हणायला लागलं की अशी फाइल किंवा डिरेक्टरीच नाही. फाइल समोर ढळढळीत दिसतेय, नाना तिच्यावर बोट ठेवून बसलेत, आणि मशीन म्हणतंय, नाही! बायनरीला चिकटवायची ती एक ओळ नानांनी विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिली होती. विंडोज ओळीच्या शेवटी लाइनफीडच्या आधी एक कॅरेज रिटर्नही ठेवतं. तो डोळ्यांना दिसत नाही, पण लिनक्सला दिसतो. सिस्टिम 'लुआ' शोधत नव्हती, शेपटीला कॅरेज रिटर्न लटकलेला 'लुआ' शोधत होती, आणि त्या नावाचा इंटरप्रीटर भूतलावर नाही. हा अदृश्य बाइट सापडायला नानांना जेवणाची सुट्टी, चहाची सुट्टी आणि तासाभराची एक बैठक लागली. बैठक पतसंस्थेच्या ऑडिटबद्दल होती.

लिनक्सवर शिबँगवाचूनही भागतं. बिनफमट-मिस्क नावाची एक सोय कर्नलमध्ये आहे: अमुक बाइटांनी सुरू होणारी फाइल दिसली की तमुक इंटरप्रीटरकडे धाड, अशी नोंद तिथे करून ठेवायची. लुआचा बाइटकोड एस्केपचा एक बाइट आणि मागोमाग 'लुआ' ही तीन अक्षरं, असा सुरू होतो. नानांनी तशी नोंद केली, आणि आठवडाभर ते ऑफिसात सीट असून उभेच दिसायचे, इतकं सांगायचं होतं त्यांना.

विंडोजला शिबँगचं सोयरसुतक नाही. तिथे सगळा कारभार एक्स्टेन्शनवर, म्हणजे नाना जे मानत नाहीत त्याच्यावर. एक्स्टेन्शनला आधी एक प्रकार जोडायचा, प्रकाराला कमांड जोडायची, मग पाथएक्स्ट नावाच्या यादीत ते घालायचं, तेव्हा कुठे शेपटाशिवाय नुसतं नाव टाइप करून फाइल चालते. नानांनी नाक मुरडत हे सगळं केलं. फाइल चालली, पण शाखा क्रमांक दिला तरी प्रत्येक वेळी मुख्य शाखेचंच व्याज काढायची. कमांडच्या शेवटी टक्का आणि तारा ही जोडी टाकायची राहिली होती, त्यामुळे नावापुढे लिहिलेलं काहीच प्रोग्रॅमपर्यंत पोचत नव्हतं.

एक नवी मुलगी म्हणाली, "सर, लुआचा इंटरप्रीटर आणि स्क्रिप्ट चिकटवून एकच ईएक्सई करू ना. मिळतात तशी साधनं."

"सर नको, नाना म्हण. ती चालते, पण ती स्क्रिप्ट नाही चालत. इंटरप्रीटर चालतो, स्क्रिप्ट त्याच्या पोटात बसून जाते."

"गिऱ्हाइकाला काय फरक पडतो?"

नानांनी उत्तर दिलं नाही. गिऱ्हाइकाला काय फरक पडतो, हा इतकी वर्षं त्यांचा प्रश्न होता.

मग त्यांनी जस्टीन टनी या प्रोग्रॅमरचं काम वाचलं. एकच फाइल, जिच्या सुरुवातीच्या अक्षरांत विंडोजला आपलं 'एम-झेड' दिसतं आणि युनिक्सच्या शेलला तीच फाइल शेल स्क्रिप्ट वाटते. लिनक्स, विंडोज, मॅक, तिन्हीकडे तीच. वर तिच्यातच लुआ बसवून मिळतं. त्या मुलीनं सुचवलेलं चिकटकाम हेच होतं, पण आम्ही ते बोललो नाही. नानांनी व्याजाचा प्रोग्रॅम त्यात कोंबला. ईमेलनं ती फाइल घ्यायला नकार दिला. झिप केली, तरी नकार. पेनड्राइव्हनं पतसंस्थेत नेली, तर तिथल्या अँटिव्हायरसनं उघडायच्या आत गिळली. नाना स्वतः एसटीनं गेले, अँटिव्हायरसची समजूत घातली, जुन्या विंडोजवर, मॅनेजरच्या लिनक्सवर आणि चेअरमनच्या मुलाच्या मॅकवर एकच फाइल चालवून दाखवली. तिन्हीकडे पैशापैशानं तेच व्याज. नाना परतले ते क्लिपरच्या काळातलं तोंड घेऊन.

संध्याकाळी कारकुनाचा फोन आला. "काका, ती फाइल साहेबांना व्हॉट्सअ‍ॅप केली. पण त्यांच्या मोबाइलवर उघडत नाही म्हणतात."

आम्ही सगळे मान खाली घालून कीबोर्ड बडवायला लागलो. नाना थोडा वेळ गप्प राहिले. मग खुर्ची पुढे ओढली आणि मऊ आवाजात विचारलं, "अँड्रॉइड आहे ना? म्हणजे खाली लिनक्सच. आवृत्ती कितवी, ते जरा बघून सांगता?"